शेंदूर लावलेला मल्लखांब

आमच्या शाळेत एक मल्लखांब आहे आणि त्याला हात लावायला मुलींना बंदी आहे. शाळा मुलींचीच आहे. हे मी ज्याला सांगते तो आधी हसतो आणि मग विचारतो, की मग तो खांब तिथे आहे कशाला. हाच प्रश्न मी दीड वर्ष विचारते आहे. माझं हसू कधीच संपलं, राग मात्र अजून ताजा आहे.

मी काशीतल्या एका मुलींच्या इंटर कॉलेजात व्यायामशिक्षिका आहे. कॉलेज हे नुसतं नाव. इथे सहावी ते बारावीच्या शाळेलाच तसं म्हणतात. पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून वर आलं की गल्लीत थोडं पुढे आमचं फाटक लागतं. मैदान वगैरे काही नाही. मधोमध एक चौक आहे. त्यात सायकली लागतात, पाण्याची टाकी आहे, सकाळची प्रार्थना होते, आणि यातून जी जागा उरते तिच्यात माझा विषय शिकवायचा. गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की माझा तास जातो. कुणी पाहुणा येणार असला की माझ्या मुली हार घेऊन उन्हात उभ्या. 'आपका क्या है, पीटी तो कभी भी हो जाएगी,' हे वाक्य माझ्या पाचवीला पुजलेलं आहे, आणि ते म्हणणाऱ्या बहुतेक बाई दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत कठड्याला धरून धापा टाकत असतात.

आरोग्याचं म्हणून एक पुस्तकही आहे. त्यातला मासिक पाळीचा धडा माझ्या आधीच्या बाई 'घर पर पढ़ लेना' म्हणून उलटून टाकत. आणि चौकात एक रीत होती. जिची पाळी असेल तिनं पीटीच्या तासाला टाकीजवळच्या कट्ट्यावर बसायचं. काही बोलायचं नाही, नुसतं जाऊन बसायचं. सगळ्या शाळेला कळे, फाटकावरून जाणाऱ्या दूधवाल्यालाही कळे. मी रुजू झाल्याबरोबर तो कट्टा बंद केला. जिचं दुखतंय तिनं बसावं, मग ते पोट असो की गुडघा. जिचं दुखत नाही तिला बसायचं काही कारण नाही. मुली हळूच येऊन सांगत, 'मैडम, डेट है.' मी विचारायची, 'तो?' बस, एवढाच माझा आरोग्याचा धडा. मुलींना तो शिकायला काही वर्षं लागली. बाकीच्या बाईंना अजून आलेला नाही.

खांब माझ्या वडिलांचा. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. आमचं घराणं कोकणातून इथे येऊन किती पिढ्या झाल्या ते आठवायचं आम्ही सोडून दिलंय. घरात मराठी बोलतो, त्यातलं निम्मं हिंदी असतं, आणि पुण्याचे पाहुणे आले की ते ऐकून गालातल्या गालात हसतात. राजा घाटाच्या बाजूला अण्णांची तालीम होती आणि तिथे त्यांनी उभी हयात मल्लखांब शिकवला. खांब शिसवाचा. बुंध्याशी रुंद, वर निमुळता होत गेलेला, मानेपाशी बारीक आणि टोकाला मोठ्या पेरूएवढं बोंड. पोरांच्या मांड्यांनी आणि एरंडेलाने घासून घासून काळाभोर, गुळगुळीत झालेला.

हे वर्णन मी उंबऱ्यावरून केलेलं आहे. तालमीतल्या कोनाड्यात मारुती होता, मारुती ब्रह्मचारी, म्हणून मुलींना आत यायला मज्जाव. अण्णांनी मला शिकवलं नाही असं नाही. घरच्या चौकात कडीला दोर बांधून त्यांनी मला दोरावरचा मल्लखांब शिकवला आणि चांगला शिकवला. 'खांब पुरुषांचा, दोर बायकांचा,' असं ते म्हणत. मी ते बरीच वर्षं खरं मानलं.

पुढे तालमीत पोरं येईनाशी झाली, मालकाने जागा विकली आणि तिथे गच्चीवर पिझ्झा मिळणारं गेस्ट हाउस उभं राहिलं. खांबाचं काय करायचं हा प्रश्न होता. त्याच सुमाराला शाळांना वरून फतवा आला होता की एक तरी भारतीय खेळ शिकवा. प्रिन्सिपल मैडमना खेळ हवा होता, मला खांब हवा होता, अण्णांना तो सरपणात जायला नको होता. आमच्या गल्ल्यांमधून हातगाडीसुद्धा नीट वळत नाही, म्हणून अण्णांच्या जुन्या शिष्यांनी तो खांद्यावरून आणला. एका वळणावर तो अडकला तेव्हा मी पुढे होऊन खांदा दिला. पन्नाशीला आलेल्या बाईने आपल्या वडिलांच्या खांबाला त्या दिवशी पहिल्यांदा हात लावला.

शाळेच्या चौकात आम्ही तो पुरला. भोवती खड्डा करून त्यात मऊ माती भरली, कारण मल्लखांबावरून माणूस पडतोच आणि खाली काय आहे त्यावर तो पुन्हा चढणार की नाही हे ठरतं. सुरुवातीला मुली लाजल्या, मग भांडायला लागल्या की माझा नंबर आधी. आणि त्यांच्यातच मला ती दिसली.

ती तेव्हा नववीत होती. बाप ई-रिक्षा चालवतो, आई घरी माळा ओवते. काटकुळी, भेगाळलेल्या टाचांची, वर्गात तोंडातून शब्द न काढणारी पोर. पण पहिल्याच उडीला तिने मांड्यांची अशी पकड घेतली की मी शिट्टी वाजवायची विसरले. दहावीत जाईपर्यंत ती बोंडावर पोट टेकवून हातपाय हवेत सोडायची आणि तशीच शांत राहायची. जिल्ह्यात पहिली आली, विभागात निवडली गेली, आणि थंडीत राज्य स्पर्धा होती. तिथे वरच्या मुलींत आली तर सरकारी क्रीडा वसतिगृहात तिला जागा मिळणार होती. राहणं, खाणं, बारावीपर्यंतचं शिक्षण, सगळं तिथेच. नाही आली तर काय, हे तिच्या बापाने मला रिक्षात बसल्या बसल्या सांगून टाकलं होतं. दहावी झाली की पोरगी गावी आत्याकडे जाणार होती आणि तिकडे तिच्यासाठी स्थळं बघायची ठरली होती. बाप दुष्ट नव्हता. त्याला दुसरं काही दिसत नव्हतं, एवढंच. तेव्हा सगळी गोष्ट त्या काही आठवड्यांच्या सरावावर येऊन ठेपली होती, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

आणि मध्ये खंडेनवमी आली.

नवरात्रातल्या नवमीला आपण हत्यारं पुजतो हे मराठी माणसाला सांगायला नको. सुतार रंधा पुजतो, शिंपी मशीन पुजतो, आमच्याकडे विळी, सुरी, अडकित्ता आणि माझी स्कूटी यांना हळदकुंकू लागतं. त्या दिवशी हत्याराला विसावा आणि दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा कामाला. दसऱ्याच्या कोशिंबिरीला काकडी त्याच विळीवर चिरायची असते. तालमीत तर खांबाची पूजा अण्णांनी कधी चुकवली नव्हती. त्यांना आता शाळेपर्यंत चालवत नाही, म्हणून त्यांनी मला बजावून पाठवलं. शाळेला सुट्टी होती, पण रंगकाम चालू असल्याने फाटक उघडं होतं. मी त्या पोरीला बरोबर घेतलं. आम्ही खांब पुसला, हळदकुंकवाची बोटं ओढली, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. रंगाऱ्यांना खोबरं दिलं, फाटकावरच्या चपराशाला दिलं. सगळ्या मुली त्याला चाचा म्हणतात. चाचांनी प्रसाद कपाळाला लावला आणि खांबाला वाकून नमस्कार केला. मला बरं वाटलं, माझी अक्कल बघा.

सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा खांबाला लाल धागे गुंडाळलेले होते आणि बोंडावर शेंदूर थापलेला होता. कुणी केलं ते कुणालाच माहीत नव्हतं. काशीत दगडाला कुंकू लागलं की त्याला नाव मिळायला वेळ लागत नाही, आणि इथे तर उभा खांब, त्याला डोकं, मान आणि वर पहिलवानांचा. मी एरंडेलाचा बोळा घेऊन शेंदूर पुसून काढला आणि मुलींना चढवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शेंदूर, आदल्या दिवसापेक्षा जाड. चाचांच्या नातवाचा ताप उतरल्याची बातमी तोवर गल्लीभर झाली होती. कार्तिक लागला, इकडे तो दिवाळीच्या आधीच लागतो. पंचगंगेवर बांबूंना आकाशदीप टांगले गेले, पहाटे नदीत बुडी मारून बायका ओल्या साड्यांनी वर यायच्या आणि लोट्यातलं उरलेलं पाणी फाटकातून आत येऊन खांबाला घालायच्या. खंभेवाले बाबा. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मोठ्याने हसले. माझ्याबरोबर कुणी हसलं नाही.

मग दिवाळीची सुट्टी झाली आणि परत आले तर खड्डा नव्हता. शाळा चालवणाऱ्या प्रबंधकांनी बाबांची सेवा म्हणून तिथे पांढरा संगमरवर बसवून घेतला होता. मऊ माती उपसून, ती आम्ही पाट्यांनी वाहिलेली माती बाहेर टाकून, खांबाच्या बुंध्यापर्यंत चकचकीत फरशी. त्यावर पाणी पडलं की पाय घसरतो. पडणारी मुलगी त्याच्यावर डोक्याने आली असती तर काय, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी तशीच प्रिन्सिपल मैडमच्या खोलीत गेले. त्या वाईट बाई नाहीत. भित्र्या आहेत, आणि भित्र्या माणसाइतका त्रास वाईट माणूस देत नाही. त्या म्हणाल्या की आता तिथे खेळ करता येणार नाही, लोकांच्या भावना आहेत. शिवाय बजरंगबलींचं स्वरूप आहे, तर मुलींनी हात लावणं ठीक नाही, आणि पाय लावणं तर नाहीच. मी म्हटलं, कुणी सांगितलं बजरंगबली म्हणून, तो माझ्या वडिलांचा मल्लखांब आहे, त्याला मी ओळखते. त्यावर त्यांनी चष्मा काढला आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "पूजा तो आप ही ने की थी, मैडम."

मी त्यांना समजावलं. आमच्याकडे पूजा करतात ती वस्तू वापरायची असते म्हणून करतात, आम्ही विळी पुजतो आणि तिच्यावर काकडी चिरतो. त्या ऐकून घेत होत्या, मधून मधून मान हलवत होत्या.

"वो आप मराठी लोगों में होता होगा," त्या म्हणाल्या. "यहाँ तो पूजा हो गई, तो हो गई."

स्पर्धेचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाल्या दुसरीकडे कुठेतरी सराव करवून घ्या. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे सांगायची तसदी त्यांनी घेतली नाही. मी जवळच्या आखाड्यात गेले. तिथल्या उस्तादांनी मला बसवलं, लस्सी पाजली, अण्णांची आठवण काढली आणि म्हणाले, बिटिया को कैसे आने दें, यहाँ हनुमानजी हैं. लस्सी मी तशीच ठेवून उठले.

यानंतर जे सुरू झालं त्याला माझ्याकडे शब्द नाही, आणि असला तर तो छापता येणार नाही. फाटकातून आत येणाऱ्या मुलींना वर्गात जायला खांबाच्या बाजूनेच जावं लागतं. तर तिथे चाचांना स्टूल टाकून बसवलं गेलं. मुलगी जवळून जाऊ लागली की ते विचारत, "बिटिया, साफ़ हो न?" हो म्हणाली तर जवळून जाऊ द्यायचं. गप्प राहिली तर टाकीकडून वळसा. सहावीतल्या लहान पोरींना तर काय विचारताहेत हेही कळत नव्हतं, त्या आपल्या नखं पुढे करून दाखवत. बाकीच्या बाई ते बघत होत्या आणि मूग गिळून हजेरी घेत होत्या. माझ्या त्या खांबावरच्या पोरीला एक दिवस असंच सगळ्यांसमोर विचारलं गेलं. ती काही बोलली नाही. सरळ टाकीजवळ गेली आणि कट्ट्यावर बसली. त्याच कट्ट्यावर. इतकी वर्षं मी जे पुसत आणलं ते एका शेंदराच्या बोटाने परत लिहून टाकलं. मला त्या दिवशी रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला.

घरी येऊन अण्णांना सगळं सांगितलं. ते खिडकीपाशी खुर्चीत बसून असतात. मला वाटलं होतं ते पेटतील. ते बाहेरच बघत म्हणाले, "आता देव झालाय, तर असू दे. किस किस से लढशील?"

"अण्णा, त्यांनी खाली फर्श करून टाकलाय. आणि मुलींना म्हणतात मारुती आहे, हात लावू नका."

"मारुतीचं ते असतंच," ते म्हणाले.

मग मात्र मी सोडलं नाही. इतक्या वर्षांचं सगळं बाहेर आलं. तुम्हीही हेच केलंत, म्हटलं. मला उंबऱ्यावर उभं केलंत, कोनाड्यातला मारुती दाखवून. पोरीला खांब शिकवायचा नव्हता तर सरळ तसं म्हणायचं होतं, देवाच्या नावावर कशाला खपवलंत?

"तेव्हा तसंच होतं गं," अण्णा म्हणाले.

"आत्ताही तसंच आहे. म्हणूनच विचारतेय."

मी आत जाऊन कुकर लावला.

कार्तिकी पौर्णिमेला इथे देवदिवाळी असते, तिच्या आधीचा मंगळवार मी मुद्दाम निवडला. इकडे तो मारुतीचा वार, गर्दी जास्त. लपूनछपून करायचं मला नव्हतंच. स्टोअररूमच्या गाद्या मी आदल्या दिवशीच दहावीच्या मुलींकडून चौकाच्या भिंतीला आणून ठेवल्या होत्या. पोरीला आधी विचारलं होतं, जबरदस्ती नाही, तू नाही म्हणालीस तर मी तुझ्यावर रागावणार नाही. ती नुसतं 'करूँगी' म्हणाली. मंगळवारी सकाळी सरावाचे कपडे घालून ती माझ्याजवळ आली आणि खाली बघत म्हणाली, "मैडम, आज डेट है."

मी सवयीने म्हणाले, "तो?" म्हणून गेले आणि मग लक्षात आलं. नेमकी आज. पुढे ढकलावं का, असं माझ्या मनात आलं, खरं सांगते.

"तो कुछ नहीं," ती म्हणाली. "बता रही थी."

प्रार्थना संपली होती, रांगा अजून मोडल्या नव्हत्या. फाटकाशी पाणी घालायला आलेल्या बायका उभ्या होत्या. दहावीच्या मुलींनी धावत जाऊन संगमरवरावर गाद्या टाकल्या. मी एरंडेलाची बाटली घेऊन पुढे झाले. चाचा स्टुलावरून उठले. मला अडवायची त्यांची छाती नव्हती, त्यांनी तिला अडवलं. रोजच्याच आवाजात, सवयीने, त्यांनी तिला विचारलं, "बिटिया, साफ़ हो न?"

तिने खोटं बोलावं अशी मी देवाची प्रार्थना करत होते. हो म्हण आणि चढ, असं मनातल्या मनात ओरडत होते. ही मी, धडा शिकवणारी.

"नहीं, चाचा," ती म्हणाली. सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात, जी पोर वर्गात हजेरीलाही ओठ हलवत नाही. मग तिने खांबाला सलामी दिली, जशी रोज देते तशी, आणि उडी मारली.

शेंदराने खांब निसरडा झाला होता. एकदा ती घसरली, मांडीवर सटकन खाली आली, पुन्हा पकड घेतली आणि चढली. बोंडावर पोट टेकवलं, हात सोडले, पाय सोडले. खाली उतरली तेव्हा तिचे दंड, मांड्या, हनुवटी, सगळं शेंदरी झालं होतं. आकाश कोसळलं नाही. वानरं गच्चीवर होती तशी होती. फाटकातल्या एका म्हातारीने हात जोडले, ते खांबाला की पोरीला हे मला अजून कळलेलं नाही.

प्रिन्सिपल मैडम त्या दिवशी माझ्यावर जितक्या ओरडल्या तितक्या कधीच ओरडल्या नव्हत्या. मला कारणे दाखवा म्हणून सांगण्यात आलं. मी कारणं दाखवली, ती त्यांना झोंबली. आणि चार दिवसांत खांबाभोवती लोखंडी जाळी उभी राहिली, तिला कुलूप, आणि किल्ली चाचांकडे. मी पुन्हा हात टेकले.

पण घरी काहीतरी हललं. मी अण्णांना झालेलं सांगितलं, तिने काय उत्तर दिलं तेही सांगितलं. अण्णांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. नहीं म्हणाली? सगळ्यांसमोर? मग उडी मारली? दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या शिष्यांना फोन करून लाकूडबाजारातून एक सालवृक्षाचं खोड आणवलं, सुताराकडून ओबडधोबड तासून घेतलं आणि आमच्या घरच्या चौकात, दोराच्या कडीखाली, फरशी उखडून पुरलं. बाजूला खुर्ची टाकून ते बसले. "पोरीला बोलाव," म्हणाले. माझी माफी त्यांनी मागितली नाही. त्या पोरीला मात्र रोज संध्याकाळी ते शिकवत होते, मान धर, गुडघा आत घे, घाई करू नकोस. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. आनंद झाला का? झाला. आणि त्याच्या बरोबरीने इतका संताप, की हातातली पोळी करपली.

नव्या लाकडाने तिच्या मांड्या सोलवटून निघाल्या. तशाच मांड्यांनी ती राज्य स्पर्धेत उतरली, वरच्या मुलींत आली आणि वसतिगृहात तिला जागा मिळाली. गावची आत्या आणि तिची स्थळं तिथेच राहिली. बापाने रिक्षावर फुगे लावून तिला स्टेशनवर सोडलं.

आणि आता ऐका. शाळेने काय केलं असेल? तिचा पदक घातलेला मोठा फोटो छापून आणला आणि त्या जाळीवर लावला. खाली लिहिलं, खंभेवाले बाबा की कृपा से. प्रार्थनेच्या वेळी प्रिन्सिपल मैडमनी भाषण केलं की बाबांनी शाळेच्या लेकीला कसा आशीर्वाद दिला. तिची आईसुद्धा येऊन जाळीतून लाडू ठेवून गेली. मी बाजूला उभी राहून दातओठ खात होते. ज्या खांबावरून तिला ओढून काढलं, त्याच खांबाच्या नावावर तिचं पदक.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीआधी ती काही दिवसांसाठी घरी आली, तेव्हा मला भेटायला शाळेत आली. मधली सुट्टी चालली होती. उंच झालीये, खांदे भरलेत, बोलायला लागलीये. जाळीपाशी थांबून तिने आपला फोटो पाहिला. कुणीतरी फोटोवरच्या कपाळाला कुंकू लावलं होतं आणि वरून झेंडूचा हार घातला होता. आपल्याकडे हार घातलेला फोटो कुणाचा असतो ते लहान मुलालाही कळतं.

"मैडम, मैं मर गई क्या?" तिने विचारलं. मग स्वतःच तो हार काढला.

चाचा स्टुलावरून उठून धावत आले. त्यांनी तिला हात जोडले. आम्ही बघत असताना त्या म्हाताऱ्याने कमरेची किल्ली काढून जाळीचं कुलूप उघडलं आणि बाजूला सरकले. तिला काही विचारलं नाही. तिच्यावर बाबांची कृपा होती, तिला विचारायचं काय? आणि तिच्या मागे सहावी-सातवीच्या पोरी जमल्या होत्या, ज्यांना त्याच सकाळी फाटकात तोच प्रश्न विचारला गेला होता.

ती दारात उभी राहिली, आत गेली नाही.

"मैं अकेली नहीं जाऊँगी, चाचा," ती म्हणाली. "ये सब भी आएँगी. और इनसे भी मत पूछिए."

चाचा वरच्या मजल्याकडे बघू लागले. प्रिन्सिपल मैडम कठड्याशी आल्या होत्या आणि ज्या पोरीच्या नावाने त्यांनी भाषण केलं होतं तिला, सगळ्या शाळेसमोर, काय म्हणावं ते त्यांना सुचत नव्हतं. तोवर पहिली पोर आत शिरलीसुद्धा. तिने खांबावर तळवा टेकवला आणि शेंदरी झालेला हात मैत्रिणीला दाखवला. त्या खांबाखाली अजून संगमरवरच होता. मी एरंडेल आणि गाद्या आणायला स्टोअररूमकडे पळाले.